बाबागाडीतला कोबी

पुलाचा चढ अर्धा झाला आणि थोरली थांबली. दमली म्हणून नाही, असं तिचं म्हणणं. बाबागाडीचं एक चाक कुरकुरत होतं, ते बघायला. आता ते चाक घराच्या दारापासून कुरकुरत होतं. शाळेची लांबलचक भिंत संपेपर्यंत, मग औषधाच्या दुकानापुढून, मग पेट्रोल पंपाला वळसा घालून, सगळीकडे कुरकुरतच होतं. पण वाकून बघायची गरज पडली ती नेमकी चढाच्या मध्यावर.  धाकटी कठड्याला टेकली आणि खालचं पाणी बघू लागली. जावेबरोबर इतकी वर्षं काढल्यावर कुठे बोलायचं आणि कुठे पाणी बघायचं, एवढं कळतं.

धाकटी म्हणजे थोरलीच्या धाकट्या दिराची बायको. हे लिहिणारीही तीच, पण गोष्ट तिची नाही. दोघी एकाच घरात सून म्हणून आल्या, सासूबाईंनी हाका मारायच्या सोयीसाठी एकीला थोरली केलं, दुसरीला धाकटी, आणि पुढे घरं वेगळी झाली, सासूबाई गेल्या, तरी नावं तीच राहिली.

समोरून एक बाई आली. दोन्ही हातांत पिशव्या, पण बाबागाडी दिसल्यावर मान वाकायची ती वाकलीच. गाडीचं टप पुढे ओढलेलं होतं, त्यामुळे आत काय आहे ते जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हतं.

"झोपलंय वाटतं?" ती आवाज बारीक करून म्हणाली.

"छे हो, टक्क जागे आहेत सगळे," थोरली म्हणाली. "वारा खायला आणलेत."

"सगळे? जुळे आहेत की काय?"

"बघा की."

बाईने वाकून बघितलं. आत पत्र्याचे चपटे लांबट डबे ओळीने मांडलेले, शर्टांची बटणं ज्यांत येतात तसले, आणि त्यांतून कोबीची, कांद्याची, टोमॅटोची रोपं माना हलवत होती. बाई दचकली. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाली, "गोड आहेत हो," आणि भराभर उतार उतरून गेली. तिची पाठ वळेपर्यंत दोघी जावा कशाबशा गंभीर राहिल्या. मग थोरली इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. डाव्या हाताने. उजवा हात दांड्यावर होता, आणि तो एकदा जिथे ठेवला तिथेच राहतो.

"चाक ठीक आहे ना?" धाकटीने विचारलं.

"चाकाला काय धाड भरलीय? चल."

त्या दिवशी थोरलीला पाण्याच्या टाकीपर्यंत पोचायचं होतं, स्वतःच्या पायांनी. टाकीमागे नगरपालिकेने भाजीपाल्यासाठी जमिनीचे छोटे छोटे वाफे वाटून दिलेले आहेत. तिथला नियम साधा आहे: थंडी सरताना लावणीचा एक रविवार ठरतो, त्या दिवशी ज्याचा वाफा त्याने यायचं आणि स्वतःच्या हाताने रोपं लावायची. नाही आलात, तर वाफा दुसऱ्याला. पूर्वी लोक वाफा घेऊन ठेवायचे आणि मजूर लावायचे, तेव्हापासून हे कडक झालं. थोरलीचा वाफा तिच्याकडे मुलगा तान्हा असल्यापासून होता. आणि त्या मुलानेच, तिला न विचारता, तिथल्या फाटकवाल्याला सांगून टाकलं होतं की यंदा आईला जमायचं नाही, देऊन टाका कुणाला तरी.

हे तिला कळलं ते भाजीवालीकडून. घरी आल्यावर ती मुलाला एक शब्द बोलली नाही. फक्त रविवार कधी आहे तेवढं भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून ठेवलं.

थोरली आधीपासूनच अशी. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती काज-बटणाच्या मशीनवर होती. लग्नाआधी लागली ती केस पांढरे होईपर्यंत तिथेच. पहिल्या वर्षी तिला कोपऱ्यातलं अंधारं मशीन दिलं होतं. खिडकीजवळची जागा कारखान्याच्या मास्तरांच्या मर्जीतल्यांना. एका सकाळी सगळे आले तर हिचं मशीन खिडकीखाली. ते लोखंडी धूड एकटीने कसं सरकवलं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. मास्तर कडाडले, "कुणाला विचारलंस?" ही म्हणाली, "डोळ्यांना विचारलं. त्यांना काज दिसत नव्हतं."

त्या खिडकीतच तिने पहिल्यांदा रोपं केली. रिकाम्या बटणांच्या डब्यांना तळाला दाभणाने भोकं पाडायची, खाली वाळू, वर चाळलेली माती, त्यावर मिरचीचं बी. मास्तरांनी डबे उचलून बाहेर ठेवले. दुसऱ्या दिवशी डबे परत आत. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. असं चालता चालता मिरच्यांना फुलं आली, आणि एक दिवस मास्तर इकडे तिकडे बघत तिच्या मशीनपाशी येऊन पुटपुटले, "आमच्या हिला एखादं रोप मिळेल का?" थोरलीने दोन दिली. वर म्हणाली, "खिडकीत ठेवायला सांगा. बाहेर काढून ठेवू नका म्हणावं."

थोरले दीर, म्हणजे थोरलीचे यजमान, गेले तेव्हा मुलगा लहान होता. नातलग म्हणाले, भावाकडे जाऊन राहा, एकटी बाई काय करशील. ही म्हणाली, "मी एकटी कुठेय? हा आहे, मशीन आहे, वाफा आहे." आणि मुलाला बाबागाडीत घालून टाकीपर्यंत ढकलत न्यायची. हीच ती बाबागाडी. मुलगा मोठा झाला, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, लग्न करून त्याच घरात राहिला. बाबागाडी माळ्यावर गेली.

मग मागच्या वर्षी, पानगळ संपता संपता, अर्धांगाचा झटका आला. सुईत दोरा ओवत होती. सुई हातातून पडली, उचलली, पुन्हा पडली, आणि मग सुईबरोबर तीच खाली आली.

जीव वाचला. बोलणं आठवड्याभरात ताळ्यावर आलं, आणि घरातल्यांच्या मते जरा जास्तच ताळ्यावर. पण उजवा पाय ओढत राहिला आणि उजवा हात परका झाला. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, हसरी, मन लावून शिकवणारी. तिने रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, दाबा. थोरलीने तो चेंडू बघितला आणि म्हणाली, "हा कुत्र्याला टाका, तो तरी आणून देईल." मुलगी हसून हसून लाल झाली, पण चेंडू ठेवून गेली. चालायला वॉकर आणला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर टॉवेल वाळत पडायला लागले.

आणि मुलगा. तो दिवसभर लिफ्टच्या काळ्याकुट्ट विहिरीत दोरांवर लोंबकळतो, पण घरी आई स्टुलावर चढायला गेली की हातातलं टाकून स्टूल काढून घ्यायला धावतो. आई उठली की म्हणायचा, तू बस. पाणी घ्यायला निघाली, तू बस. खिडकी उघडायला गेली, अगं गार वारा आहे, तू बस. त्याची बायकोही तेच म्हणायला शिकली. घरात ते दोन शब्द घड्याळाच्या ठोक्यांसारखे पडत राहायचे. धाकटी रोज दुपारी जायची तेव्हा थोरली तिला म्हणायची, "ये, तू पण बस. इथे बसायचीच चाकरी आहे."

थंडी अजून हाडांत होती, पण दुपारचं ऊन खिडकीत थोडं जास्त रेंगाळायला लागलं होतं. बाहेरच्या झाडाच्या काड्यांवर डोळे फुगले होते. थोरलीने धाकटीकडून माळ्यावरचे डबे काढून घेतले आणि डाव्या हाताने बी पेरलं. ओळी नागमोडी झाल्या, कुठे बियांचा ढीग पडला, कुठे नुसती माती. तरी उगवलं. इवल्या इवल्या दोन पानांची हिरवी टिकली मातीवर दिसली त्या दिवशी तिने धाकटीला हाताला धरून खिडकीशी नेलं. किती दिवसांनी तिने कुणाला ओढलं होतं.

आणि मग कडाक्याची थंडी पडली, आणि मुलाला रोपांची काळजी वाटली. भला मुलगा. आईला आवडतात म्हणून त्याने सगळे डबे उचलून न्हाणीघरात, पाणी तापवायच्या बंबावरच्या फळीवर मांडले. वरून प्लॅस्टिकचा कागद घातला. सकाळ-संध्याकाळ पाणी. आईला म्हणाला, "तू बस, मी बघतो." रोपं भराभर वाढली. दोऱ्यासारखी लांब, पांढुरकी, एकमेकांवर रेललेली. सगळे म्हणाले, वा, किती उंच झाली. थोरली एकदा न्हाणीघरात गेली, बघून आली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग एका सकाळी सगळी रोपं मातीच्या जवळ बारीक होऊन, मानेतून मोडल्यासारखी, आडवी झालेली.

मुलगा डबे हातात घेऊन दारात उभा राहिला. "आई, मी किती जपलं गं ह्यांना."

"जपलंस म्हणूनच गेली," थोरली म्हणाली. "ऊब दिलीस, ऊन दिलं नाहीस. पाणी पाजलंस, वारा लागू दिला नाहीस. रोप असं..."

पुढचं वाक्य तिने गिळलं. मुलगा खाली डब्यांकडे बघत होता. धाकटी शेजारीच बसली होती. गिळलेलं वाक्य तिला मात्र स्वच्छ ऐकू आलं.

त्या दुपारी थोरलीने दुसऱ्यांदा बी पेरलं. आता डबे खिडकीतून हलवायचे नाहीत, अशी घरात दवंडी पिटली. दुपारी खिडकी उघडी. डबे रोज फिरवायचे, नाहीतर रोपं उजेडाकडे वाकडी होतात. पाणी वरून नाही. डबा ताटलीतल्या पाण्यात टेकवायचा, माती खालून ओढेल तेवढंच. दाटीने उगवलेली रोपं वेगळी करायची, तर देठाला हात लावायचा नाही, पानाला धरायचं. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ चिरडला की संपलं. हे काम डाव्या हाताने जमेना, तेव्हा तिने शिवणाच्या डब्यातून शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात ती प्लॅस्टिकची पट्टी काढली. तिच्या टोकाने रोप मुळासकट अलगद उचललं जायचं. एकेक रोप दुसऱ्या डब्यात जाईपर्यंत धाकटीचा श्वास अडकायचा. थोरली तोंडाने सारखी बडबडत असायची, "ये गं बाई, ये, नखरे करू नकोस, सगळ्यांनाच घर बदलावं लागतं."

आणि उजवा हात? व्यायामवालीने सांगितलं होतं, पंजा उघडा ठेवून टेबलावरून पुढे-मागे सरकवायचा. थोरली तो रोपांवरून सरकवायला लागली. सुरुवातीला तो परका हात असा धपकन पडला की कांद्याची अख्खी ओळ झोपली. सून ओरडली, "अहो आई, मारताय त्यांना!" थोरलीने डाव्या हाताने उजवं कोपर वर उचललं आणि पुन्हा फिरवला. रोज सकाळ-संध्याकाळ शेंड्यांवरून हात जायचा. रोपं वाकायची, उभी राहायची, वाकायची, उभी राहायची.

"टेबलावर फिरवा सांगितलंय ना तुम्हाला, ताई," धाकटी एकदा म्हणाली.

"टेबलाला काय कळतंय? ह्यांना कळतं. वारा आला असं वाटतं त्यांना. मग तयारीला लागतात."

खरंच लागली. ठेंगणी, काळपट हिरवी, देठ आगपेटीच्या काडीएवढे जाड. आणि हातालाही कधीतरी कळायला लागलं की किती जड पडायचं आणि किती हलकं. बोटं मिटत नव्हती, पण पंजा आता पडत नव्हता, टेकत होता. व्यायामवालीने बघितलं तेव्हा ती टाळ्याच वाजवायला लागली आणि निघताना आपला चेंडू परत घेऊन गेली.

धाकटी देवभोळी नाही, पण देवाची आहे. संध्याकाळी घरात एका कोपऱ्यात हात जोडून बसते, मनात बोलते, उठते. झटका आल्यापासून रोज थोरलीचा हात परत मागत होती. थोरलीला ते माहीत होतं. "अगं, रोज तेच तेच मागून तुझ्या देवाचे कान किटले असतील," ती म्हणायची. "माझं तर त्याच्याशी बोलणंच बंद आहे. आधी त्याने सांगावं, माझाच हात का घेतला. जगात एवढे आळशी पडलेत, त्यांचा घ्यायचा." धाकटी हसायची आणि संध्याकाळी पुन्हा बसायची.

घरात वाढलेलं रोप एकदम उघड्यावर लावलं तर ऊन-वाऱ्याने होरपळतं. त्याला बाहेरची सवय लावावी लागते, थोडी थोडी. तेव्हा बाबागाडी माळ्यावरून खाली आली. पहिल्या दिवशी डबे घालून थोरली फक्त जिन्याच्या दारापर्यंत गेली आणि परत. मग कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत. मग पाववाल्याच्या दुकानापर्यंत. रोपांची रपेट वाढत गेली तशी तिचीही. गाडीचा दांडा धरला की पाय अडखळत नव्हता, पण हे कुणी तिच्या तोंडावर बोलायचं नाही. मुलगा म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईला म्हातारपणी मूल झालं. म्हणू देत."

तर अशी ती रविवारची सकाळ. मुलाला सांगितलं होतं, काकूकडे जातेय. खोटं नव्हतं, काकूकडे जाऊन तिला घेऊनच निघाली होती.

पूल उतरून त्या टाकीच्या रस्त्याला लागल्या आणि मागून मुलाची कामाची गाडी आली. करकचून ब्रेक. मुलगा उतरला तो सरळ बाबागाडीपुढे येऊन उभा राहिला.

"काकू, तुम्ही पण?" तो धाकटीला म्हणाला.

"मी काही केलं नाही रे. मी नुसती चालतेय."

"आई, गाडीत बस."

"कुठे नेणार?"

"घरी."

"मग नाही बसत."

त्याने केसांतून हात फिरवला. "बरं बाई, टाकीपर्यंत नेतो. रोपं मागे ठेवतो नीट. बस आता."

"नाही."

"अगं, आता का नाही? तिथेच जायचंय ना तुला?"

"तिथे मी चालत गेले पाहिजे," थोरली म्हणाली. "तुझ्या गाडीतून उतरले की फाटकवाला म्हणणार, लेकाने आणून सोडली. आणि परवा तू कुठल्या लिफ्टमध्ये अडकलेला असलास की मग? वाफा तुझ्या सवडीचा नाही, राजा. वाफा माझा आहे."

 वाफा हा शब्द तिने असा उच्चारला होता की आपलं फाटकवाल्याशी झालेलं बोलणं आईला माहीत आहे, हे मुलाला कळलं.

"पडलीस तर?" तो शेवटी म्हणाला.

"पडले तर उठेन. नाही उठता आलं तर जिथे पडेन तिथेच कोबी लावीन. हो बाजूला."

तो बाजूला झाला. पण घरी गेला नाही. गाडीत बसला आणि पिवळे दिवे उघडझाप करत, चालत्या माणसाच्या वेगाने मागून यायला लागला. पुढे कुरकुरणारी बाबागाडी, तिच्यामागे एक पाय ओढणारी थोरली, बाजूला धाकटी, मागे लिफ्टवाल्यांची भलीमोठी गाडी आणि तिच्यामागे भोंगे वाजवणारा सगळा रस्ता. एक सायकलवाला बाजूने जाताना ओरडला, "मिरवणूक कुणाची?" थोरलीने मान न वळवता ओरडून सांगितलं, "कोबीची!"

धाकटीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि चालत राहिली. शेवटच्या चढाला थोरलीचा श्वास तिला ऐकू येत होता. ह्या वेळी चाक बघायला कुणी थांबलं नाही.

वाफ्यांच्या फाटकावर लोकरीची टोपी घातलेला राखणदार असतो, त्याला सगळे फाटकवाला म्हणतात. कुणाचं वाईट करणारा नाही, पण नियम म्हणजे नियम. त्याने बाबागाडी बघितली, थोरलीला बघितलं आणि टोपी उगाचच सारखी केली. तिच्या वाफ्यापाशी एक तरुण नवरा-बायको उभे होते. हातात कोरं फावडं, त्यावरचा किमतीचा कागदही अजून काढलेला नव्हता.

"बाई, तुमच्या मुलानेच सांगितलं होतं..."

"मुलाने मुलाचं सांगितलं असेल. वाफा कुणाचा?"

"तुमचा होता."

"होता नाही. मी आलेय. लावणी आजच आहे ना?"

फाटकवाल्याने तिच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. "नियम माहितेय तुम्हाला. स्वतःच्या हाताने लावावं लागतं. ह्या बाईंनी लावून चालणार नाही, मुलाने लावून चालणार नाही."

"कुठल्या हाताने, ते आहे का नियमात?"

फाटकवाला विचारात पडला. मग म्हणाला, "नाही. ते नाही."

"मग सरका."

वाफा तिने झटक्याच्या आधी स्वतः खणून, शेणखत घालून ठेवलेला होता. थंडीभर माती मुरून भुसभुशीत झाली होती. गुडघ्यावर बसणं तिला शक्य नव्हतं, म्हणून ती सरळ मातीतच बसली, पाय पसरून, साडीची फिकीर न करता. धाकटीने डबे तिच्या बाजूला ठेवले आणि मागे सरली. मुलगा गाडी लावून धावत आला, त्याने वाकून पहिलं रोप उचलायला हात पुढे केला, तसा फाटकवाला म्हणाला, "तुम्ही हात लावलात तर मी लावणी धरणार नाही." मुलाने हात मागे घेतला आणि ते हात आता कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

कॉलरच्या पट्टीने खळगा. पट्टीने रोप. डाव्या हाताने पानाला धरून आत. मग उजवं कोपर उचलायचं आणि तो उघडा पंजा रोपाभोवतीच्या मातीवर टेकवायचा. चांगला दाबून. ते मात्र त्या हाताला आता झकास जमत होतं. शेंड्यांवरून फिरून फिरून त्याला वजन कळलं होतं. मग बसल्या बसल्या थोडं सरकायचं आणि पुढचं. कोबीची ओळ झाली. कांद्याची झाली. ऊन वर आलं. आसपासच्या वाफ्यांतले लोक आपापली लावणी सोडून बघायला लागले, तशी थोरली म्हणाली, "काय, तुमचं झालं वाटतं सगळं?" आणि सगळे पुन्हा खाली वाकले.

टोमॅटोच्या वेळेपर्यंत ऊन कललं होतं, हात दमले होते. दोन्ही. एक रोप निसटलं आणि मधूनच मोडलं. मुलाच्या तोंडून "अरेरे" निघालं. धाकटीने डोळे मिटले. थोरलीने मोडलेला शेंडा उचलला, उलटून पालटून बघितला, खालची पानं खुडली आणि तो तसाच खोल मातीत खोचला.

"टोमॅटो आहे तो," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. "देठ मातीत गेला की त्यालाच मुळं फुटतात."

शेवटच्या रोपावर पंजा दाबून झाला, बाबागाडीच्या तळातल्या कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या टोमॅटोवर पालथ्या घालून झाल्या, तेव्हा फाटकवाल्याने कोटाच्या खिशातून पत्र्याची एक पाटी काढली. थोरलीच्या वाफ्याची. आधीच उपटून ठेवली होती.  त्याने पाटीची खुंटी वाफ्याच्या कडेला टेकवली आणि दगडाने ठोकली. मग त्या तरुण जोडप्याला म्हणाला, "भिंतीकडे एक तुकडा पडीक आहे. दगड आहेत, पण बघा."

पोरगी हिरमुसली होती. थोरलीने उरलेला एक डबा तिच्याकडे सरकवला. "धर. दगड वेचशील तोवर ही तग धरतील. पण न्हाणीघरात ठेवू नकोस हां." तिला न्हाणीघराचं कळलं नाही, पण डबा तिने छातीशी धरला. मुलाने मान खाली घातली, आणि धाकटीने बघितलं, तो हसत होता.

आता उठायचं. मातीत बसणं सोपं होतं. मुलगा पुढे आला, दोन्ही हात पसरून, आणि "तू" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. बस म्हणायच्या आत थांबला, हे बरं.

"तू ब्रेक धर," थोरली म्हणाली. "बाबागाडीचा. पायाने दाबून ठेव, ढिला झालाय तो. लहानपणी तूच लाथा मारून मोडलास."

त्याने ब्रेक धरला. अख्खं वजन टाकून, जणू अख्खी लिफ्टच पेलून धरली होती. थोरलीने डाव्या हाताने दांडा पकडला, चांगला पाय खाली घेतला, एकदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली, आणि उभी राहिली. साडीला, हातांना, कपाळालाही माती. बाजूच्या वाफ्यातले सगळे ह्या वेळी खाली वाकून कामात होते. मुद्दामच होते.

परत येताना ती मुलाच्या गाडीत बसली. "येताना चालत आले ना? मग झालं. आता मी काय वेडी आहे?" बाबागाडी मागे दोरांच्या वेटोळ्यात, रिकामी. मुलगा घराशी गाडी लावायला जागा शोधत होता तेव्हा दोघी दारापाशी उतरून उभ्या राहिल्या. संध्याकाळ होत होती. वारा पडला होता आणि आभाळात ढगाचं नावही नव्हतं. थोरली वर बघत होती. दिवसभरात पहिल्यांदाच धाकटीला तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

"असं आभाळ असलं की रात्री पारा उतरतो," ती म्हणाली. "कोबी सोसेल. कांदाही. टोमॅटोवर बाटल्या पालथ्या घालून आलेय मी, पण तरी. तो मोडका तर..."

"दणकट आहेत, ताई. तुम्हीच केलेत."

"दणकट आहेत, ते आहेच."  मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "धाकटे, तू आता घरी जाऊन बसशील ना देवापुढे?"

"बसेन की. रोजच बसते."

"आज माझ्या हाताचं काही काढू नकोस. हाताचं माझं मी बघते. आज एवढंच माग, की रात्री फार गारठा पाडू नको म्हणावं." तिने मातीने भरलेला उजवा हात डाव्या हाताने पोटाशी घेतला. "आणि हे बघ, मी सांगितलंय असं सांगू नकोस त्याला. आमचं बोलणं बंद आहे."